वय झालेला कुत्रा, शो आणि खेळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुत्रा म्हातारा झाला असं नेमकं कधी धरायचं?

सगळ्या जातींना एकच वय लावता येत नाही. ग्रेट डेनसारखी अवाढव्य जात पाच-सहा वर्षांतच उतरणीला लागते, लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड सात-आठच्या आसपास, तर एखादा पॉमेरेनियन दहाव्या वर्षीही घर डोक्यावर घेतो. पशुवैद्यांचा हिशेब सोपा आहे. त्या जातीच्या आणि आकाराच्या कुत्र्याचं जेवढं आयुष्य अपेक्षित असतं, त्यातला शेवटचा पाव भाग म्हणजे म्हातारपण. बारा वर्षं जगणाऱ्या जातीत ते नवव्या वर्षी सुरू होतं.

खेळणाऱ्या किंवा शोला जाणाऱ्या कुत्र्याच्या नोंदी त्याच्या दोनेक वर्षं आधीपासूनच ठेवायला लागा. दर महिन्याला वजन, गाढ झोपेतले मिनिटाचे श्वास, अंगावरच्या गाठींची जागा आणि आकार, आणि बाजूने काढलेला चालण्याचा-दुडकण्याचा व्हिडिओ. पुढे काही बिघडलं की डॉक्टर पहिला प्रश्न 'हे कधीपासून?' हाच विचारतात, आणि त्याचं उत्तर नुसत्या आठवणीवर देता येत नाही.

पण तो तर अजून पिल्लासारखा उड्या मारतो. मग खेळ कमी का करायचा?

कारण उत्साह हा तब्येतीचा पुरावा नाही. बॉर्डर कॉली, मॅलिनॉइस, लॅब्राडोर, टेरियर या कामासाठी तयार केलेल्या जाती आहेत आणि चेंडू दिसला की त्या दुखणं बाजूला ठेवतात. मैदानावर अंगात जोश असतो तोवर लंगडणं दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना दिसतं. म्हणून खेळ झेपला की नाही याचा निकाल मैदानात लावू नका, चोवीस तासांनी लावा. उठताना पुढच्या पायांवर अंग ओढतो का, पहिली दहा-बारा पावलं आखडलेली पडतात का, जिना चढायच्या आधी थबकतो का? यातलं एकही 'हो' असेल तर आदल्या दिवसाचा व्यायाम जास्त झाला. पुढच्या वेळी तो निम्म्यावर आणा. तरीही तेच दिसलं तर प्रश्न व्यायामाचा नाही, दुखण्याचा आहे, आणि तो दवाखान्यात सुटेल.

दुखतंय हे ओळखायचं कसं? तो कधी कण्हत नाही.

फार थोडी कुत्री कण्हतात. सांधेदुखी वागण्यातून आणि अंगाच्या ठेवणीतून दिसते. बसताना एक मागचा पाय बाहेर काढून तिरका बसणं. उभं असताना वजन पुढच्या पायांवर झुकवणं, त्यामुळे खांदे आणि छाती भरलेली आणि मागच्या मांड्या सुकलेल्या. मनगट किंवा एकच सांधा सतत चाटणं. गाडीत चढताना पुढचे पाय ठेवून मदतीची वाट बघणं. ब्रश कंबरेवर आला की त्वचा थरथरणं किंवा मान वळवून बघणं.

नख्या नीट बघा, त्या खूप सांगतात. मागच्या पायांच्या मधल्या नख्या वरच्या बाजूने घासल्या गेल्या असतील तर कुत्रा पाय उचलून टाकत नाही, ओढतो आहे. हे सांध्यामुळे असू शकतं, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूमुळेही असू शकतं. एकाच पायाच्या नख्या बाकीच्यांपेक्षा लांब वाढल्या तर तो त्या पायावर वजन टाकत नाही.

व्हिडिओ काढताना फोन कुत्र्याच्या कंबरेच्या उंचीवर धरा. सरळ सपाट जागेवर त्याला एकदा तुमच्याकडे, एकदा तुमच्यापासून दूर आणि एकदा बाजूने न्या. आधी चालत, मग दुडक्या चालीत. पट्टा सैल हवा. व्हिडिओ मंद गतीने बघा. पुढचा पाय दुखत असेल तर तो जमिनीवर टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. मागचा पाय दुखत असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा (कंबरेमागचा भाग) जास्त वरखाली होतो.

वर्षातून एकदा तपासणी पुरते का?

म्हाताऱ्या कुत्र्याला दर सहा महिन्यांनी न्या. रक्त, लघवी, रक्तदाब, तोंड, हृदयाचा आवाज, वजन आणि सगळे सांधे हाताने हलवून बघणं एवढं तरी व्हावं. लघवीचा नमुना सकाळचा पहिला घ्या. मूत्रपिंड लघवी किती घट्ट करू शकतं ते त्यातच कळतं, आणि ते रक्तातल्या आकड्यांच्या बरंच आधी बिघडू लागतं.

घरी दोन मापं घेत जा. पहिलं पाणी: चोवीस तासांत दर किलो वजनामागे १०० मिलीपेक्षा जास्त पाणी पिणं हे आजाराचं लक्षण धरतात. दहा किलोच्या कुत्र्याने एक लिटर ओलांडलं तर नोंद करून दाखवा; मधुमेह, मूत्रपिंड, कुशिंग (कॉर्टिसोल हे संप्रेरक जास्त होण्याचा आजार), गर्भाशयातला पू, कारणं बरीच आहेत. दुसरं श्वास: गाढ झोपेत मिनिटाला ३० पेक्षा कमी असावेत. हृदयाच्या झडपेचा आजार असलेल्या लहान जातींमध्ये हा आकडा रोज चढत गेला तर फुप्फुसात पाणी साचत असू शकतं, आणि खोकला सुरू व्हायच्या आधी ते इथे दिसतं.

गाठ हाताला लागली की 'चरबीची असेल' असं हाताने ठरवता येत नाही, डॉक्टरांनाही नाही. बारीक सुईने थोड्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघाव्या लागतात, आणि त्याला बहुतेक वेळा भूलही लागत नाही.

घरात माणसांची वेदनाशामक गोळी आहे. स्पर्धेच्या आदल्या रात्री अर्धी दिली तर?

नाही. आयब्युप्रोफेन, नॅप्रॉक्सेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होऊन रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल यकृताला आणि रक्ताच्या लाल पेशींना घातक ठरू शकतं. कुत्र्यांसाठीची कार्प्रोफेन किंवा मेलॉक्सिकॅमसारखी औषधं वेगळी आहेत, पण तीही रक्त तपासून, वजनावर मोजून आणि स्टेरॉइडबरोबर कधीही न देता वापरायची. उलटी, काळी डांबरासारखी शी किंवा जेवण नाकारणं दिसलं की पुढचा डोस न देता फोन करा.

दुसरा मुद्दा खेळाचा. वेदना झाकून कुत्र्याला मैदानात उतरवणं बहुतेक संघटनांच्या नियमांत बसत नाही आणि लंगडणाऱ्या कुत्र्याला जज्ज बाहेर काढतात. नियम बाजूला ठेवले तरी दुखणारा सांधा बधिर करून त्याच्यावर उडी घ्यायला लावणं म्हणजे तो सांधा लवकर संपवणं. सांधेदुखीवर रोजचं औषध चालू असलेल्या कुत्र्याने चालावं, हुंगावं, पोहावं. त्याने उड्यांच्या स्पर्धेत मात्र उतरू नये.

वजन किती असावं? थोडा गुबगुबीत असला तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं. ४८ लॅब्राडोरांवर आयुष्यभर चाललेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निम्म्या कुत्र्यांना त्यांच्या जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं गेलं. कमी खाणाऱ्या गटाचं मध्यक आयुष्य (निम्मी कुत्री ओलांडतात ते वय) १३ वर्षं निघालं, दुसऱ्या गटाचं ११.२. सांधेदुखीही त्यांच्यात उशिरा आली. यापेक्षा स्वस्त औषध सापडणं कठीण.

बरगड्या डोळ्यांना दिसायला नकोत, पण बोटं हलकी फिरवली की दाब न देता लागायला हव्यात. मूठ वळल्यावर उलट्या बाजूची हाडं लागतात तशा लागल्या तर कुत्रा वाळला आहे, तळहाताच्या मांसल भागासारखं लागलं तर लठ्ठ आहे, आणि आपला हात सपाट ठेवून हाताच्या मागच्या बाजूवर बोट फिरवल्यासारखं लागलं तर ठीक. उतरवायचं असेल तर आठवड्याला शरीराच्या वजनाच्या १ ते २ टक्के. २० किलोच्या कुत्र्यात २०० ते ४०० ग्रॅम. जेवण वाटीने न मोजता वजनकाट्यावर मोजा. सरावाचा खाऊ दिवसभराच्या अन्नाच्या दहा टक्क्यांत बसवा आणि तेवढं जेवणातून कापा. तुकडा मटारच्या दाण्याएवढा पुरतो. कुत्रा तुकडे मोजतो, आकार नाही.

म्हातारा झाला म्हणून प्रथिनं कमी करायची हा जुना समज अजून चालतो. निरोगी म्हाताऱ्या कुत्र्याला स्नायू टिकवायला चांगली प्रथिनं लागतातच. कमी करायची ती मूत्रपिंडाचा आजार ठरल्यावर, डॉक्टरांच्या सांगण्यावरून.

घरात काय बदलावं?

सगळ्यात आधी फरशी. गुळगुळीत फरशीवर मागचे पाय फाकले की मांडीचे स्नायू ताणले जातात, आणि दोनदा घसरलेला कुत्रा त्या खोलीत जायचंच सोडतो. झोपण्याच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि दारापर्यंत रबरी तळाच्या पट्ट्या सलग अंथरा. मध्ये फट ठेवू नका, तो नेमका तिथेच घसरेल. पंजाच्या गाद्यांमधले केस कापा. नख्या दर आठवड्याला मिलीमीटर-दोन मिलीमीटर काढत राहा. अशा थोड्या थोड्या कापल्या की आतली रक्तवाहिनी मागे सरकते. उभं असताना नखी जमिनीला टेकायला नको.

गाडीसाठी उतरण बनवताना लोक आखूड फळी घेतात आणि मग कुत्रा चढत नाही म्हणतात. डिकी ६० सेंटिमीटर उंच असेल तर फळी किमान १८० सेंटिमीटर हवी, म्हणजे चढ २० अंशांच्या आत राहतो. फळी आधी जमिनीवर सपाट ठेवून तिच्यावरून चालायला शिकवा, मग एका पायरीवर टेकवा, शेवटी गाडीला लावा. एक आठवडा धरा.

स्नायू टिकवण्यासाठी कोणता व्यायाम?

रोज सारखा. आठवडाभर घरात आणि रविवारी दोन तास धावपळ हा प्रकार म्हाताऱ्या सांध्यांना सगळ्यात वाईट. त्याऐवजी रोज पंधरा-वीस मिनिटांच्या दोन किंवा तीन फेऱ्या ठेवा. त्यांच्या जोडीला दिवसाआड, घसरत नाही अशा जागेवर पुढचे व्यायाम घ्या. आधी पाच मिनिटं चालवून अंग गरम करून घ्या.

१. बसून उभं राहणं. मागचे दोन्ही पाय पोटाखाली सरळ येतील असं बसवा, खाऊ नाकापुढे धरून उभं करा. पाच वेळा, थोडं थांबून पुन्हा पाच वेळा. तिरकं बसणं सुरू झालं की स्नायू दमले, तिथेच थांबा.

२. काठ्यांवरून चालणं. चार ते सहा काठ्या जमिनीवर किंवा मनगटाच्या खाली येतील इतक्याच उंचीवर ठेवा. दोन काठ्यांमधलं अंतर कुत्र्याच्या खांद्यापर्यंतच्या उंचीएवढं घ्या आणि मग त्याच्या पावलानुसार कमीजास्त करा. चालतच न्या, पाच फेऱ्या. पाय काठीला लागायला लागले तर काठ्या खाली घ्या. ढकलून नेऊ नका.

३. वजन सरकवणं. सरळ उभा असताना कंबरेला दोन बोटांनी हलकं ढकला, तो तोल सावरेल इतकंच. डावीकडे, उजवीकडे, मिळून दहा वेळा.

४. मागे चालणं. भिंत आणि सोफा यांच्यामधल्या बोळात पाच-सहा पावलं. मागच्या पायांचं भान यातून येतं, आणि तेच वयानुसार आधी हरवतं.

पोहणं चांगलं, पण उडी मारून पाण्यात शिरणं नाही. उतारावरून आत न्या, लाइफ जॅकेट घाला, पहिल्यांदा दोन-तीन मिनिटंच पुरे. आणि बाहेर आल्यावर कोरडं करा, नाहीतर आखडतो.

अजिलिटी (अडथळ्यांच्या वाटेवरून वेगाने धावण्याचा खेळ) चालू ठेवावी का?

ठेवता येते, पण तशीच नाही. या खेळाचं पहिलं प्रात्यक्षिक १९७८ साली ब्रिटनमधल्या क्रफ्ट्स या डॉग शोमध्ये झालं आणि त्याची कल्पना घोड्यांच्या अडथळा शर्यतीवरून आली. उडी आणि वेग हाच त्याचा गाभा. म्हाताऱ्या कुत्र्याला सर्वात महाग पडते ती उडी घेणं नव्हे, खाली उतरणं. त्या क्षणी सगळा भार खांदे आणि मनगटांवर येतो. ए-फ्रेमवरून (दोन उतरत्या फळ्यांचा उंचवटा) उतरतानाही तेच होतं. वीव्ह पोल्समध्ये (ओळीतल्या खांबांमधून नागमोडी धावताना) खांबांमधलं अंतर ६० सेंटिमीटर असतं आणि मोठ्या कुत्र्याला त्यात पाठ सतत डावीउजवीकडे पिळावी लागते.

उंची कमी करणं ही पहिली पायरी. अमेरिकन केनेल क्लबच्या 'प्रिफर्ड' वर्गात उडी चार इंचांनी खाली असते आणि वेळही थोडा जास्त मिळतो. वयाची अट नसल्यामुळे पाय कुरकुरायला लागायच्या आधीच तिकडे वळता येतं. बरेच लोक एक हंगाम उशिरा वळतात. सरावात उड्यांचे दांडे जमिनीवर ठेवा आणि पूर्ण उंची फक्त स्पर्धेला घ्या. कुत्रा दांडे पाडायला लागला, उडी फार लांबून घेऊ लागला किंवा उडी घ्यायच्या आधी पावलं बारीक करू लागला, की त्याला 'आज्ञा ऐकत नाही' म्हणू नका. आधी डोळे आणि पाठ तपासून घ्या.

फ्लायबॉल (हर्डलवरून धावत जाऊन बॉक्समधून चेंडू आणण्याची शर्यत) मात्र वेळेवर सोडा. बॉक्सवर आपटून वळण्याचा धक्का कमी उंचीच्या हर्डलने कमी होत नाही.

उडीशिवाय तोच आनंद हवा असेल तर हूपर्स बघा: जमिनीवरच्या कमानी, पिंपं आणि बोगदे, वळणं मोठी, उडी एकही नाही. बोगद्यात मोठा कुत्रा वाकून धावतो, म्हणून पाठ दुखणाऱ्याला तेवढा भाग वगळा.

म्हाताऱ्या कुत्र्याला सगळ्यात योग्य खेळ कोणता?

आमचं मत स्पष्ट आहे: नाकाचा. कान जातात, डोळे जातात, मागचे पाय जातात, पण हुंगण्याची आवड शेवटपर्यंत टिकते. हा खेळ बहिऱ्या, आंधळ्या, तीन पायांच्या कुत्र्यालाही खेळता येतो. शिवाय इथे हँडलरने, म्हणजे कुत्रा हाताळणाऱ्याने, गप्प राहायचं असतं, जे बहुतेकांना कुत्र्यापेक्षा जड जातं.

सुरुवात घरी करा. पुठ्ठ्याची पाच खोकी उघडी ठेवा, एकात वासाचा खाऊ टाका. कुत्र्याला दुसऱ्या खोलीतून आणून सोडा आणि काही बोलू नका, बोट दाखवू नका. खोकं सापडलं की त्याच खोक्यात आणखी दोन-तीन तुकडे टाका, म्हणजे वासाच्या जागीच बक्षीस मिळतं. दिवसाला तीन-चार शोध, प्रत्येक मिनिट-दोन मिनिटांचा. आठवडाभराने खोकी वाढवा, मग एखादं खुर्चीखाली, दाराआड.

स्पर्धेच्या वासाकडे वळायचं ते खाऊवरचा शोध पक्का झाल्यावर. अमेरिकेत २०१७ पासून सुरू असलेल्या अमेरिकन केनेल क्लबच्या स्पर्धांत बर्च, बडीशेपेच्या जातीचा अ‍ॅनिस, लवंग आणि सायप्रस हे चार वास वापरतात. कापसाच्या काड्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवून तेलाचे एक-दोन थेंब बरणीत टाका आणि दिवसभर बंद ठेवा. काडी छिद्रांच्या डबीत घालून ती डबी खाऊबरोबर लपवा. तेल कुत्र्याच्या अंगाला लावायचं नाही आणि काडी त्याला गिळता येईल अशी ठेवायची नाही. बाटली हाताळलेले हात धुऊन मगच खाऊला हात लावा, नाहीतर सगळ्याच खोक्यांना वास लागतो आणि तुम्ही कुत्र्याला दोष देत बसता.

वास त्याच्या नाकाच्या उंचीच्या आतच लपवा. मान वर करून शोधायला लावलं तर मानेचा संधिवात बोलतो. धाप लागली की थांबा. धापा टाकणाऱ्या कुत्र्याला नीट हुंगता येत नाही.

रॅली झेपेल का?

बहुतेक वेळा हो. पाट्यांवरच्या सूचना वाचत कुत्र्याबरोबर ठरलेली वाट चालायची, बोलायला आणि शाबासकी द्यायला मोकळीक. नवशिक्यांच्या वर्गात पट्टा असतो आणि उडी नसते. फक्त बसणं-झोपणं वारंवार येतं, म्हणून कंबर दुखणाऱ्या कुत्र्यासाठी आधी पाट्यांची यादी बघून घ्या.

शोमध्ये म्हाताऱ्या कुत्र्याला जागा आहे का?

आहे, व्हेटरन वर्ग. एफसीआय या केनेल क्लबांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत तो आठ वर्षांपासून सुरू होतो, ब्रिटनच्या केनेल क्लबमध्ये सात वर्षांपासून; अमेरिकेत बहुतेक ठिकाणी सात. व्हेटरन जिंकला तर जातीतल्या सर्वोत्तम कुत्र्याच्या निवडीतही उभा राहू शकतो. वयामुळे वरची दारं बंद होत नाहीत याचं ठळक उदाहरण म्हणजे स्टंप. हा ससेक्स स्पॅनिएल २००९ मध्ये, दहा वर्षांचा असताना, अमेरिकेतल्या वेस्टमिन्स्टर शोचा बेस्ट इन शो (सगळ्या जातींतला विजेता) ठरला. तिथे जिंकलेला तो सर्वांत वयस्कर कुत्रा. त्याआधी तो काही वर्षं रिंगमधून निवृत्त होता.

या वर्गात जज्ज काय बघतात? पांढरं झालेलं तोंड आणि एखादा गेलेला दात सहसा सोडून देतात. पाठीची रेषा टिकली आहे का, स्नायू आहेत का, चाल मोकळी आहे का, आणि जातीचा बाज आठ-दहा वर्षांनंतरही कसा दिसतो, हे बघतात. पैदास करणाऱ्यांसाठी हाच वर्ग सर्वात बोलका. पिल्लांच्या वर्गात आशा दिसते, इथे निकाल दिसतो.

नसबंदी झालेल्या कुत्र्याला उतरवता येतं का?

संघटनेवर आणि शोच्या प्रकारावर अवलंबून आहे. अमेरिकन केनेल क्लबच्या साध्या वर्गांत चालत नाही, पण काही जात-विशेष शोंच्या व्हेटरन वर्गात चालतं. ब्रिटनमध्ये त्यासाठी केनेल क्लबकडे नोंद करून घ्यावी लागते. खेळांमध्ये ही अट नसतेच. एंट्री भरण्याआधी त्या शोचं वेळापत्रक वाचा.

याला जोडून महत्त्वाचं: शोसाठी नसबंदी न केलेली म्हातारी कुत्री असेल तर माजानंतरच्या चार ते आठ आठवड्यांत नजर ठेवा. जास्त पाणी पिणं, सुस्ती, उलटी, मागून स्राव यांचा अर्थ गर्भाशयात पू असू शकतो. स्राव दिसलाच पाहिजे असं नाही. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर दिसत नाही आणि तोच प्रकार जास्त धोक्याचा. त्याच दिवशी दवाखाना.

शोच्या दिवशी काय वेगळं करावं?

म्हातारा कुत्रा क्रेटमध्ये (प्रवासाच्या पिंजऱ्यात) पडून राहिला की आखडतो. दर पाऊण-एक तासाने बाहेर काढून पाच मिनिटं चालवा. शूसाठीही ते लागतं. क्रेटच्या तळाशी जाड, न सरकणारी गादी ठेवा. पाणी घरचंच न्या. नव्या चवीचं पाणी काही कुत्री पीतच नाहीत. लसीकरण आणि केनेल कफची (कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची) लस निदान दोन आठवडे आधी उरका.

रिंगमध्ये जायच्या दहा मिनिटं आधी सैल पट्ट्यावर चालवा, मग दुडक्या चालीत दोन्ही दिशांना मोठी वर्तुळं. नाकापुढे खाऊ धरून मान डाव्या-उजव्या पुठ्ठ्याकडे वळवा, पाच सेकंद, तीनदा. आत गेल्यावर रांगेत उभं राहायचं तर सगळा वेळ त्याला स्टॅक करून, म्हणजे पाय शोच्या ठेवणीत लावून, ठेवू नका. मोकळा उभा राहू द्या, जज्ज दोन कुत्रे अलीकडे आले की पाय लावा. टेबलावर चढवताना छाती आणि पुठ्ठा दोन्ही खाली हात घालून उचला. पुढच्या पायांना धरून कधीच नाही.

चालीचा वेग आधीच शोधून ठेवा. फार हळू नेलं तर कुत्रा एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकू लागतो, आणि रिंगमध्ये ते वाईट दिसतं. तसं झालं तर क्षणभर थांबवून किंचित वेगाने पुन्हा सुरू करा. पूर्वी दुडकणारा कुत्रा आता सारखाच असा चालत असेल तर तो दमला आहे किंवा पाठ दुखते आहे.

उकाड्यात?

उकाड्यात दुपारची एंट्री सोडा. म्हाताऱ्या मोठ्या कुत्र्यांमध्ये, विशेषतः लॅब्राडोरमध्ये, स्वरयंत्राचा पक्षाघात होतो: भुंकणं घोगरं होतं, श्वास घरघरतो. अशा कुत्र्याला धापा टाकून अंग गार करता येत नाही. गडद लाल हिरड्या, लडखडणं, घट्ट लाळ दिसली की आधी गार करा, मग न्या. साधं गार पाणी अंगभर ओता, वारा घाला. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, तो उष्णता कोंडतो. तापमान ३९.५ अंशांवर आलं की थांबा आणि दवाखाना गाठा.

कशाला ताबडतोब पळायचं?

पोट फुगलंय आणि उलटीचे उमाळे येतात पण काही पडत नाही: जठराला पीळ बसला असू शकतो, मिनिटं मोजावी लागतात. खोल छातीच्या जातींत हा धोका वयाबरोबर वाढतो. अचानक कोसळला आणि हिरड्या पांढऱ्या: पोटात रक्तस्राव, बऱ्याचदा प्लीहेच्या गाठीतून.

डोकं एकीकडे कललं, डोळे झटक्याने हलतात, तोल जातो, हे अर्धांगासारखं दिसतं, पण म्हाताऱ्या कुत्र्यात ते बऱ्याचदा आतल्या कानाचं असतं. दोन-तीन दिवसांत सुधारायला लागतं आणि दोन-तीन आठवड्यांत बहुतेक कुत्री सावरतात. तरीही दाखवायचं लगेच, कारण दुसरी कारणं वगळावी लागतात.

रात्री उठून फिरतो, कोपऱ्यात जाऊन उभा राहतो. हे काय?

मेंदूचं म्हातारपण असू शकतं: दिशा चुकणं, दाराच्या बिजागरीच्या बाजूला उभं राहणं, दिवसा झोप आणि रात्री जाग, घरात शू. पण त्याआधी वेदना, लघवीचा संसर्ग, रक्तदाब आणि नजर तपासून घ्या. रात्रीच्या अस्वस्थतेमागे सांधेदुखी वाटते त्यापेक्षा जास्त वेळा निघते. निदान झालं तर मध्यम साखळीची चरबी असलेला आहार, सेलेजिलीनसारखं औषध, रात्री मंद दिवा, फर्निचर न हलवणं आणि संध्याकाळी पंधरा मिनिटांचा हुंगण्याचा खेळ यांनी फरक पडतो.

कान जायची वाट न बघता हाताच्या खुणा आत्ताच शिकवा. ऐकू येतंय तोवर तोंडी आज्ञेच्या अर्धा सेकंद आधी खूण द्या. कान गेल्यावर खूण उरते आणि कुत्र्याला काही नवीन शिकावं लागत नाही.

आमचा कुत्रा आता खेळत नाही. नुसतं बघायला शोला जावं का?

जरूर, पण त्याला घरी ठेवून. एंट्री नसलेल्या कुत्र्याला बऱ्याच शोंमध्ये प्रवेशच नसतो. सकाळी लवकर पोहोचा, कॅटलॉग घ्या आणि हँडलरच्या दंडावरचा नंबर त्यात शोधा. वय, आईवडील तिथेच मिळतात. जज्ज कुत्र्यांना एकमेकांशी नव्हे, जातीच्या मानकाशी ताडून बघतात, म्हणून एका जातीचं मानक आधी वाचून तीच रिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितली तर जास्त कळतं. दहा रिंगांतून भटकलं की फक्त केस लक्षात राहतात. जातीतले विजेते पुढे गटात जातात. एफसीआयमध्ये दहा गट, अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये सात. १८९१ पासून चालत आलेल्या क्रफ्ट्समध्ये कुत्री दिवसभर बाकांवर असतात, त्यामुळे जातीविषयी मालकांशी निवांत बोलता येतं. प्रश्न रिंग संपल्यावर विचारा, आणि विचारल्याशिवाय हात लावू नका; दोन तास विंचरलेली आयाळ असते ती.

घरात नवा, तरुण कुत्रा आणला आहे. जुन्याला सरावाला न्यायचं का?

न्या, पण त्याची पाळी आधी घ्या, अंग गरम असताना. तीन मिनिटांचा शोध किंवा जमिनीवरच्या दांड्यांवरून एक फेरी, मग तो क्रेटमध्ये, आणि नंतर तरुण कुत्र्याचा सराव. उलट क्रम लावला तर म्हातारा अर्धा तास भुंकून, क्रेटमध्ये उड्या मारून आधीच दमतो. दोघांना चेंडूमागे एकत्र सोडू नका. म्हातारा हरायला तयार नसतो आणि वळताना गुडघ्याचा अस्थिबंध तुटतो.